यंत्राची होडी : भार आणि रेस यांचा मेळ

मनमाडच्या माणसानें होडीवर लेख लिहावा, हें पाहून पुष्कळांस हंसूं येईल. ज्या गांवांत नळाला पंधरा-पंधरा दिवसांनीं पाणी आल्याचे दिवस आम्हीं काढले, तेथें होडी ही बहुधा चित्रांतच पाहावयाची वस्तु. परंतु आपल्या संघाचे सर्व सभासद मनमाडच्या माळावर राहत नाहींत. आमच्याच नांदगांव तालुक्यांत १९६९ सालीं पुरें झालेलें गिरणा धरण आहे. जिल्ह्यांतच निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें गोदावरीला पूर आला, तेव्हां सायखेडा व चांदोरी या गांवांत पाणी शिरलें आणि माणसें होड्यांतून बाहेर काढावीं लागलीं. जिल्ह्याबाहेर भीमेवरील उजनी, कोयनेचा शिवसागर, पैठणचा नाथसागर यांच्या कांठीं तर असे कित्येक शेतकरी आहेत, कीं ज्यांचें घर एका तीरावर व बाजार किंवा शेत दुसऱ्या तीरावर आहे. त्यांच्या दृष्टीनें होडी ही बैलगाडीइतकीच संसाराची वस्तु होय.

होडी वल्ह्यांची होती तोंवर तिचें शहाणपण नावाड्यांच्या घरांत बापाकडून मुलाकडे जात असे. पिछाडीला टांगावयाचें पेट्रोलचें यंत्र आल्यापासून तें शहाणपण मागें पडलें. नॉर्वेंत जन्मलेला व अमेरिकेंत वाढलेला ओले एव्हिन्रूड नांवाचा कारागीर होता. त्यानें १९०९ च्या सुमारास असें यंत्र विक्रीस आणिलें व तें जगभर पसरलें. आज तें कोणीही विकत घेतो, दोन स्क्रूंनीं होडीच्या मागच्या फळीस आवळतो आणि दोरी ओढून चालू करितो. यंत्र चालू करतां आलें म्हणजे होडी चालवितां आली, असा समज त्यामुळें पसरला आहे. हा समज किती महाग पडतो, तें मीं स्वतः अनुभविलें आहे, म्हणून हा लेख.

एक अनुभव

मी महसूल खात्यांत कारकून होतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका धरणाच्या फुगवट्यापलीकडील शेतांत अवकाळी पावसानें नुकसान झालें, आणि पंचनाम्याच्या कामासाठीं मला तिकडे जावें लागलें. धरणाचें व गांवाचें नांव सांगण्याचें येथें कारण नाहीं. होडी फायबरची, १४ फूट लांब व ५ फूट रुंद, मागें दहा अश्वशक्तीचें यंत्र. जातांना आम्ही तिघेच होतों, कांहीं अडचण आली नाहीं. परततांना दोन शेतकरी सोबत आले, आणि त्यांतील एकानें विहिरीवरची जळालेली मोटर रिवाइंडिंगसाठीं बरोबर घेतली. ती साठ किलोंची. चढविण्यास सोपें म्हणून ती पिछाडीसच ठेविली. पेट्रोलची टाकीही तेथेंच. समोरून वारा आणि तुषार येत होते, म्हणून आम्ही सगळे मागें सरकून बसलों. त्यांत पहिला मी. सरकारी कागद भिजूं नयेत हें सांगण्याचें कारण; मला पोहतां येत नाहीं हें खरें कारण.

होडी निघाली तोंच तिचें पुढचें टोंक, ज्याला कोंकणांत नाळ म्हणतात तें, वर उचललें गेलें. होडीवाल्यानें रेस वाढविली. यंत्र ओरडूं लागलें, नाळ आणखी वर गेली, समोरचें पाणी दिसेनासें झालें, पण वेग कांहीं वाढेना. मागें वळून पाहतों तों फळीच्या कांठाखालीं पाणी जेमतेम चार बोटें! कोणी तरी "बंद कर" म्हणून ओरडलें, आणि होडीवाल्यानें मूठ एकदम सोडली. होडी थबकली, पण तिनें उठविलेली लाट थबकली नाहीं. ती मागून आली आणि फळीवरून दोन-तीन बादल्या पाणी आंत ओतून गेली.

किनारा जवळ होता म्हणून वांचलों. कसेबसे परत लागलों, आणि मी पंचनाम्याचे कागद दगडांवर वाळत घातले. तेथें एक म्हातारा मासेमार जाळें विणीत बसला होता. त्यानें सर्व पाहिलें होतें. तो होडीवाल्यास कांहीं बोलला नाहीं, मला म्हणाला, "भाऊसाहेब, गाडी उलाळ भरली तर बैलाला चाबूक मारून काय व्हतं? आधी पोती पुढं घ्या." मग त्यानें मोटर होडीच्या मध्यावर ठेवविली, नळी पुरेल तितकी टाकी पुढें सरकविली, दोघांस नाळेकडे बसविलें व दोघांस मध्यें. यंत्र तेंच, माणसें तींच, ओझें तेंच. परंतु निम्म्या रेसवर होडी सपाट, आवाज न करितां पलीकडे गेली.

उलाळ गाडीचा हिशेब

म्हाताऱ्याचें वाक्य मी पुढें पुष्कळ दिवस मनांत घोळवीत होतों. कांद्याच्या गोण्या मनमाडच्या बाजारांत नेणाऱ्यास उलाळ म्हणजे काय हें सांगावयास नको. साट्याच्या मागच्या अंगास माल जास्त झाला कीं जू वर उचलतें आणि बैलांचे पाय जमिनीवर ठरत नाहींत. पुढें जास्त झाला कीं सारा भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रॅक्टरचेंही तसेंच. मागें जड अवजार लावलें म्हणजे पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणू लागत नाहीं, म्हणून पुढें लोखंडी वजनें टांगावीं लागतात.

होडीला चाकें नाहींत, आंसही नाहीं. तिला पाणी उचलून धरितें, आणि तें सर्व लांबीभर उचलतें. भाराचा मध्य जेथें असेल, त्याच्या बरोबर खालीं पाण्याच्या उचलीचा मध्य येईपर्यंत होडी कलत राहते. भार मागें असेल तर होडी मागें बुडते व पुढें उठते. हा मध्य काढण्यास मराठी शाळेंतलें अंकगणित पुरें होतें. प्रत्येक वजनास मागच्या फळीपासूनच्या अंतरानें गुणावें, सर्व गुणाकारांची बेरीज करावी, आणि तिला एकूण वजनानें भागावें. आमच्या त्या दिवसाचा हिशेब, होडीचें स्वतःचें वजन सोडून, असा होतो :

यंत्र : ४० किलो × ० फूट = ०
होडीवाला : ७० किलो × २ फूट = १४०
पेट्रोलची टाकी : १५ किलो × १ फूट = १५
जळालेली मोटर : ६० किलो × २ फूट = १२०
दोघे जण : १४० किलो × ४ फूट = ५६०
दुसरे दोघे : १४० किलो × ६ फूट = ८४०
एकूण वजन ४६५ किलो, गुणाकारांची बेरीज १,६७५

भागाकार सुमारें ३॥ फूट. म्हणजे १४ फुटी होडींतील साडेचारशें किलोंहून अधिक भार मागच्या पाव भागावर तोललेला होता! म्हाताऱ्यानें टाकी ६ फुटांवर, मोटर ७ फुटांवर, दोघांस ६ फुटांवर व दोघांस ९ फुटांवर बसविलें. तेव्हां बेरीज २,७५० झाली आणि भागाकार जवळजवळ ६ फूट आला. अशा होडीचा मध्य ७ फुटांवर. भाराचा मध्य त्याच्या किंचित् मागें असावा, हा सामान्य नियम. म्हाताऱ्यानें कागद-पेन्सिलीशिवाय तो बरोबर साधला होता.

दुसऱ्या टोंकाची चूकही ध्यानांत ठेवावी. भार नाळेकडे फार झाला तर होडी पुढें पाण्यांत खुपसते, लाटेखालीं जाते, आणि वळविलें एकीकडे तर जाते भलतीकडे. शिवाय पिछाडी उचलली गेल्यानें पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतो. यंत्र किंचाळतें पण ढकलीत नाहीं.

आडव्या अंगाचा तोलही तितकाच महत्त्वाचा. होडीवाला एका बाजूस बसून हॅण्डल धरितो, म्हणून दुसऱ्या बाजूस तेवढें वजन द्यावें. चालत्या होडींत कोणीही उभें राहूं नये, कारण माणूस उभा राहिला कीं भाराचा मध्य वर जातो व होडी सहज कलते. तळांतील पाणी हा तर चोरटा भार. ४८ चौरस फूट तळावर एक इंच पाणी सांचलें तर तें ४ घनफूट, म्हणजे सुमारें ११३ किलो होतें. दीड माणसाएवढा हा भार ज्या बाजूस होडी कलेल त्याच बाजूस धांवतो. म्हणून उपसण्याचें भांडें दोरीनें बांधून सदैव होडींत ठेवावें.

तोल साधला म्हणून ओझें कमी होत नाहीं

येथें मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. त्या दिवशीं होडी सपाट चालली याचा मला इतका आनंद झाला, कीं आपण मुळांतच जास्त होतों हें लक्षांत आलें नाहीं. वीस फुटांपेक्षां लहान होड्यांसाठीं अमेरिकेंत एक ढोबळ आडाखा सांगतात : लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणावी आणि १५ नें भागावें, येईल तितकीं माणसें. आमच्या होडीचे १४ गुणिले ५ म्हणजे ७०. भागिले १५, म्हणजे साडेचारांहून थोडें अधिक. अपूर्णांक सोडावयाचा असतो. चार माणसें! आम्ही पांच, आणि वर साठ किलोंची मोटर. बरोबर मार्ग दोन खेपांचा होता, आणि अर्ध्या तासाचें पेट्रोल वांचविण्यासाठीं आम्हीं तो टाळला. होडीवर बांधणाऱ्यानें क्षमतेची पाटी लाविली असेल तर तीच प्रमाण मानावी. हा आडाखाही शांत पाण्यापुरताच समजावा.

या गोष्टीचें मोल किती असतें, तें महाराष्ट्रानें ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पाहिलें. सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें कृष्णेच्या महापुरांतून गांवकऱ्यांस बाहेर नेणारी होडी उलटली आणि १७ जणांस प्राणांस मुकावें लागलें. होडींत फार माणसें बसलीं होतीं. चोहोंकडे पाणी असतां मागें राहणाऱ्यास "तुम्ही पुढच्या खेपेस या" असें सांगणें किती कठीण, हें पुराचें काम केलेल्यासच ठाऊक. तरीही तें सांगावें लागतें. म्हणून गांवानें हा आंकडा पूर येण्यापूर्वींच ठरवून होडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवावा. पुरांत तो आंकडा बोलेल, माणसाला वाईटपणा घ्यावा लागणार नाहीं.

रेस केव्हां व किती

आतां हॅण्डलाच्या मुठीकडे वळूं. मूठ पिळली कीं इंजिनास पेट्रोल व हवा जास्त मिळून पंखा जोरानें फिरतो. यालाच आपण रेस म्हणतों. परंतु रेस आणि वेग हे एकच नव्हेत.

चालणारी होडी पुढें एक लाट उठविते व मागें एक. वेग वाढतो तसें या दोन लाटांमधील अंतर वाढतें. तें होडीच्या लांबीइतकें झालें म्हणजे होडी आपल्याच दोन लाटांच्या खळग्यांत सांपडते. पुढें जावयाचें तर तिला पुढच्या लाटेचा चढ चढावा लागतो. पाण्यांतील लांबी १४ फूट असेल तर हा वेग तासास सुमारें नऊ किलोमीटर येतो. जड भरलेल्या होडीची ती हद्द समजावी. त्यापुढें दिलेली रेस होडीला पुढें नेत नाहीं. ती पिछाडी खालीं खेंचते, नाळ उचलते आणि पेट्रोल जाळते.

होडी हलकी व सपाट तळाची असेल, तर पुरेशा रेसनें ती हा चढ चढून पाण्याच्या पाठीवर येते आणि घसरत धांवूं लागते. त्या वेळीं नाळ प्रथम उचलते, मग आपोआप खालीं बसते. नाळ बसली कीं मूठ थोडी सैल करावी. तोच वेग कमी पेट्रोलांत टिकतो. सर्व भार धरून एका अश्वशक्तीस वीस-पंचवीस किलोंहून अधिक वजन पडत असेल, तर होडी अशी वर येण्याची आशा सोडावी. आमच्या होडींत तें तिच्या स्वतःच्या वजनासुद्धां साठांच्या घरांत होतें! अर्थात् नाळ उचलून कांहीं क्षणांत बसली नाहीं, तर रेस वाढवूं नये. हळूंहळूं कमी करून भार पुढें घ्यावा. हीच या लेखाची मुख्य गोष्ट.

मूठ एकदम सोडूं नये, हें तर आमच्या अनुभवावरून उघड आहे. क्रमाक्रमानें सोडावी व मागची लाट खालून निघून जाऊं द्यावी. वळण घेण्यापूर्वीं रेस कमी करावी, वळतांना नव्हे. मागें घेतांना अगदीं मंद रेस असावी, कारण मागची फळी ही होडीची सर्वांत ठेंगणी बाजू.

यंत्राच्या कंसांत एक खीळ असते व तिला तीन-चार भोंकें असतात. खीळ फळीकडील भोंकांत घातली तर नाळ दबते, बाहेरच्या भोंकांत घातली तर नाळ उठते. प्रथम पंख्याचा दांडा पाण्यांत उभा सरळ राहील असें भोंक निवडावें. पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं असावी. मात्र खिळीनें चार बोटांचा फरक सुधारतो, चार माणसांचा नाहीं.

एकटा होडीवाला रिकाम्या होडींत जातो तेव्हां त्याला धोका वाटत नाहीं. पण यंत्र, टाकी व माणूस सर्व मागें असल्यानें पूर्ण रेस देतांच नाळ उभी राहते, आणि समोरचा वारा तिच्या तळाला लागला तर होडी मागें उलटूं शकते. यावर सोपा उपाय असा, कीं वीस लिटरचे दोन कॅन पाण्यानें भरून नाळेजवळ घट्ट बांधावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; ४० किलोंचें वजन फुकट मिळतें. वरील रीतीनें पाहिल्यास भाराचा मध्य सव्वा फुटावरून जवळजवळ चार फुटांवर येतो. पलीकडे माणसें घ्यावयाचीं झालीं कीं पाणी ओतून द्यावें.

जेथें रेस उपयोगी पडत नाहीं

दोन प्रसंग असे आहेत कीं तेथें भार आणि रेस दोन्ही बरोबर असूनही माणूस हरतो. पहिला वादळी वारा. २१ मे २०२४ रोजीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यांत वाऱ्यानें उलटली. सहा जण बुडाले. एकटा पोहून कांठाला लागला. मोठ्या जलाशयावर वैशाख-ज्येष्ठांत ढग भरून आले असतां निघूंच नये. वाटेंत वारा आलाच तर सर्वांनीं तळाशीं बसावें, नाळ लाटेकडे किंचित् तिरपी धरावी व सुकाणू लागेल इतपतच रेस ठेवावी.

दुसरा प्रसंग बंधाऱ्याखालील पाण्याचा. त्यानंतर दोनच दिवसांनीं, २३ मे २०२४ रोजीं, अहिल्यानगर (तेव्हांचें अहमदनगर) जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील सुगांवजवळ प्रवरेंत बुडालेल्यांचा शोध करणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटली व दलाचे तीन जवान दगावले. तीं शिकविलेलीं, सराव असलेलीं माणसें होतीं. बंधाऱ्यावरून पडणारें पाणी खालीं जाऊन पुन्हां बंधाऱ्याकडेच परततें, व त्यांत मिसळलेल्या हवेमुळें पंख्यास पकड मिळत नाहीं. तेथें दहाची काय, चाळीसची अश्वशक्तीही भरंवशाची नव्हे. बंधाऱ्याच्या वरच्या व खालच्या अंगास दुरूनच वळावें.

निघण्यापूर्वीं

शेतकरी बंधूंच्या सोयीसाठीं क्रम थोडक्यांत देतों. प्रथम माणसें मोजावीं व आंकड्याबाहेरच्यांस कांठावर ठेवावें. प्रत्येकानें लाइफ जॅकेट अंगांत घालावें. बसण्यास घेतलेलें जॅकेट कोणाला वांचवीत नाहीं. मग जड वस्तु मध्यावर तळाशीं ठेवून बांधाव्या. मग माणसें पुढें-मागें, डावी-उजवीकडे सारखीं बसवावीं. यंत्र बंद करणारी दोरी होडीवाल्यानें मनगटास अडकवावी, म्हणजे तो पाण्यांत पडला तर यंत्र थांबेल. वल्हीं सोबत असावींत. कांठापासून होडीच्या दोन-तीन लांबी मंद रेसवर जाऊन मागच्या फळीखालीं पाणी किती आहे तें पाहावें. एवढें झाल्यावर मूठ पिळावी, आणि तीही सावकाश. होडीची नोंदणीही अवश्य करून घ्यावी. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे, व यंत्रानें चालणाऱ्या होड्यांस तो लागू आहे.

आधीं किती, मग कोठें, आणि सर्वांच्या शेवटीं रेस : हा क्रम उलटला कीं होडी उलटावयास वेळ लागत नाहीं. माझे ते पंचनाम्याचे कागद वाळले. शाई पसरली होती, पण आंकडे वाचतां येत होते, व शेतकऱ्यांचें काम अडलें नाहीं. त्या म्हाताऱ्याचें नांव मात्र मीं विचारलें नाहीं, याची खंत आहे. जन्मभर लोकांचीं नांवें लिहिण्याचेंच काम केलेल्या माणसाकडून ही चूक व्हावयास नको होती. त्याचें ऋण या लेखाच्या रूपानें थोडेंबहुत फिटलें, आणि एखाद्या होडीवाल्यानें एक तरी माणूस दुसऱ्या खेपेसाठीं मागें ठेविला, तर लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.